होमलोनच्या टेक्निकल साहेबांना खुलं पत्र: लाकडाची फ्रेम म्हणजे 'टेम्पररी स्ट्रक्चर' नव्हे

प्रति,
घरकर्जाच्या फाईलवर टेक्निकल रिपोर्ट लिहिणारे सगळे व्हॅल्युअर, तो रिपोर्ट वाचून सही करणारे बँकांचे आणि हाउसिंग फायनान्सवाल्यांचे अधिकारी, आणि घराचा विमा काढणारी मंडळी,

साहेब, मॅडम, नमस्कार.

नाव कुणाचंच घेणार नाहीये. ज्या बँकेने माझी फाईल परत पाठवली तिचं नाही, ज्या साहेबांनी रिपोर्ट लिहिला त्यांचंही नाही. एकाच बँकेचा प्रश्न असता तर दुसरीकडे गेलो असतो आणि गप बसलो असतो. गेलो पण होतो, तिथेही तेच वाक्य आलं, फक्त टाईप करणारा वेगळा. "टिंबर स्ट्रक्चर, टेम्पररी नेचर, नॉट रेकमेंडेड." एवढंच. का ते नाही, कुठल्या कलमाखाली ते नाही, ड्रॉइंगमध्ये काय चुकलं तेही नाही.

मी दापोली तालुक्यातला, सुतारकामाच्या घरातला. आजोबांनी आणि वडिलांनी पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची छपरं उभी केली, त्यातली बरीचशी आजही आहेत, खालच्या ओटीवर टाईल्स आल्या, भिंतींना प्लास्टर झालं पण वरचे वासे नि तुळया त्याच. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि आता छोटी-मोठी घरं कंत्राटाने बांधतो. त्यामुळे माझा स्वार्थ यात आहे आणि तो लपवत नाही: एक तर माझं स्वतःचं घर अडकलंय, आणि दुसरं म्हणजे माझ्याकडे येणारे लोक, ज्यांना ही पद्धत पटते, आवडते, पण लोन होणार नाही कळलं की मान खाली घालून पुन्हा आरसीसीकडे वळतात.

घर काय फार मोठं नाहीये. जांभ्या चिऱ्याचा चौथरा, त्यावर ग्लुलॅमचे (फळ्या चिकटवून केलेल्या लाकडाचे) खांब आणि तुळया, वर एलव्हीएलचे (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेले) वासे, रीप, आणि मंगलोरी कौलं. बाहेरच्या भिंती चिऱ्याच्याच, पण छपराचा भार त्या घेत नाहीत, तो सगळा लाकडाच्या फ्रेमवर. लायसनवाल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन करून घेतलंय, सही-शिक्क्याची ड्रॉइंग आहेत, हिशेबाच्या शीट आहेत.

साईट व्हिजिटला जे आले त्यांनी प्लॉटचे फोटो काढले, टेपने हद्द मोजली, नमुना म्हणून आणून ठेवलेल्या खांबाच्या तुकड्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं आणि म्हणाले, "प्लायच ना हे?" मी म्हटलं नाही साहेब, ग्लुलॅम आहे, हे बघा ड्रॉइंग. त्यांनी रोल उघडलाच नाही. विचारलं, "कॉलमला स्टील किती एमएमचं टाकलंय?" आता लाकडाच्या खांबात स्टील किती या प्रश्नाला काय उत्तर देणार. माणूस सभ्य होता, चहा घेतला, आंब्याची चौकशी केली. पण फॉर्मवर आरसीसी, लोड बेअरिंग आणि इतर असे तीनच रकाने होते, आणि 'इतर'वर टिक पडली की पुढचं सगळं ठरलेलंच असतं असं आता कळतंय.

तर आधी हे 'प्लायच ना' प्रकरण मिटवू, कारण निम्मी गडबड तिथेच आहे.

प्लाय म्हणजे व्हिनीअर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचा रेषा उभा तर दुसऱ्याचा आडवा असे चिकटवलेले. एलव्हीएल म्हणजे व्हिनीअरच, पण जवळपास सगळ्यांचा रेषा एकाच दिशेने, लांबीच्या बाजूने, म्हणून ते तुळईला आणि वाशाला चालतं, कपाटाच्या फळीसाठी नाही केलेलं. आणि ग्लुलॅम म्हणजे व्हिनीअर नाहीच, त्यात पूर्ण फळ्या असतात, साधारण 30 ते 45 मिलिमीटर जाडीच्या, भट्टीत वाळवून ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास आणलेल्या, एकावर एक चिकटवून दाबलेल्या. लांबी वाढवायला फळीच्या टोकांना दाते पाडतात आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावी तशी टोकं बसवतात. गाठ, चीर, वाकडेपणा असलेला भाग आधीच कापून टाकलेला असतो. साधं लाकूड घेताना आमचे वडील ओंडक्याभोवती फेऱ्या मारायचे, कुठे गाठ आहे, कुठे भिरूड लागलाय, आतून पोकळ तर नाही ना. इथे ती निवड फळीफळीला झालेली असते, त्यामुळे ताकदीचा आकडा धरून हिशेब करता येतो. डिझाइन करणाऱ्याला यापेक्षा वेगळं काय पाहिजे असतं?

आणि हे काल-परवाचं खूळ नाहीये. जर्मनीत ओटो हेटझर यांनी वाकवलेल्या ग्लुलॅमचं पेटंट 1906 साली घेतलं. नॉर्वेतली म्योस्टार्नेट ही 18 मजली इमारत 2019 साली लाकडावर उभी राहिली, 85 मीटरच्या वर. अमेरिकेत मिलवॉकीची असेंट 2022 ची, 25 मजली, तिचे खालचे मजले काँक्रीटचे आणि वरचे लाकडाचे. मी तळमजल्याचं घर बांधतोय हो.

आता तक्रारी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी. तुम्ही 'टेम्पररी' कशाच्या आधारावर लिहिता? नॅशनल बिल्डिंग कोड 2016 च्या भाग 6 मध्ये लाकूड आणि बांबूसाठी वेगळं सेक्शन आहे. लाकडी स्ट्रक्चरच्या डिझाइनसाठी आयएस 883 हे भारतीय मानक आहे, त्याची सुधारित आवृत्ती 2016 ची. एलव्हीएलसाठी आयएस 14616 आहे. राज्याची 2020 ची यूडीसीपीआर, म्हणजे बांधकाम परवानगीची एकत्रित नियमावली, स्ट्रक्चरल डिझाइनसाठी नॅशनल कोडकडेच बोट दाखवते. आणि गंमत म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणवाले पक्क्या घराची व्याख्या करतात त्यात सिमेंट, भाजलेली वीट, दगड यांच्याच ओळीत टिंबर, कौल, व्हिनीअर, अगदी प्लायवूडसुद्धा पक्कं साहित्य म्हणून धरलेलं आहे! म्हणजे सर्वेक्षणाला आलेला माणूस माझं घर पक्क्यात मोजणार आणि बँकेचा माणूस त्याच घराला टेम्पररी म्हणणार. दोघांनी एकदा भेटून ठरवा की काय ते.

मला माहितीये हा समज कुठून आला. 1993 साली सीपीडब्ल्यूडीने, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने, सरकारी बांधकामात लाकूड वापरायला बंदी घातली, जंगल वाचावं म्हणून. हेतू चांगला होता, त्यावर वाद नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की इंजिनिअरिंगच्या पिढ्याच्या पिढ्या लाकडाचं डिझाइन साईटवर न करताच बाहेर पडल्या. मीही त्यातलाच, आम्हाला लाकूड म्हणजे दारं-खिडक्या आणि सेंट्रिंगच्या फळ्या. ही बंदी 2020 मध्ये उठली. सरकारने उठवली, तुमच्या फॉर्मने नाही उठवली.

दुसरी तक्रार आगीची. "लाकूड जळतं" हे वाक्य मला प्रत्येक टेबलावर ऐकवलं गेलंय. जळतं ना, नाही कोण म्हणतो. शनिवारवाडा 1828 साली जळाला हे पुण्याच्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण कसं जळतं ते बघा. जाड लाकडाला बाहेरून कोळसा धरतो आणि तो कोळसाच आतली उष्णता अडवतो, त्यामुळे आग आत सरकते ती मिनिटाला साधारण 0.65 ते 0.7 मिलिमीटर या वेगाने. युरोपात याच आकड्यावर डिझाइन करतात. 140 मिलिमीटर रुंदीची तुळई घ्या, अर्ध्या तासात दोन्ही बाजूंनी 20-20 जातील, मध्ये 100 शिल्लक राहील, आणि आमच्या इंजिनिअरने त्या उरलेल्या 100 वर भार तपासलाय, ते शीटमध्ये लिहिलंय. मी स्वतः एक कापलेला तुकडा चुलीत चांगला पेटू दिला, बाहेर काढून पाणी मारलं आणि करवतीने आडवा कापला. वर काळी साल, तिच्याखाली बोटाच्या नखाएवढा तपकिरी पट्टा, आणि आत अगदी नवं, पिवळसर लाकूड, डिंकाची रेघसुद्धा जशीच्या तशी. तो तुकडा टेबलावर ठेवायची माझी तयारी आहे, कुणीही येऊन हातात घेऊन बघा. याउलट उघडं लोखंड 550 अंशांच्या आसपास निम्मी ताकद घालवून बसतं, तरी लोखंडी अँगलवर पत्रा टाकलेल्या शेडला इन्शुरन्सवाले एवढे प्रश्न विचारत नाहीत.

हां, पातळ वासे आणि रीप यांना हा हिशेब तसाच लागू होत नाही, ते लवकर जातात. म्हणून माजघराच्या आणि स्वयंपाकघराच्या वर फायर-रेटेड बोर्डचं सीलिंग दाखवलंय आणि वायरिंग सगळं कंड्युटमधून. ड्रॉइंग उघडलं असतं तर दिसलं असतं.

तिसरी, वाळवी आणि पाणी. इथे मात्र तुमच्या भीतीला मी पूर्ण मान देतो, कारण कोकणात लाकूड मरतं ते आगीने कमी आणि ओलाव्यानेच जास्त. लाकडातला ओलावा बराच काळ 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली. पण यावर उपाय काय ते आमच्या जुन्या सुतारांना ठाऊक होतं. खांब कधी जमिनीत गाडत नव्हते, खाली दगडी तळखडा असायचा. छपराची पडवी एवढी खाली उतरवायची की झड आत येऊ नये. आता तळखड्याच्या जागी गॅल्व्हनाईज्ड लोखंडी बूट येतो, खांब चौथऱ्यापासून वर उचललेला, खाली हवा खेळती. जमिनीला आयएस 6313 प्रमाणे वाळवीची ट्रीटमेंट, लाकडाला आयएस 401 प्रमाणे प्रिझर्व्हेटिव्ह. आणि डिंकाचं म्हणाल तर, मरीन प्लायला आयएस 710 खाली 72 तास उकळून बघतात हे तुम्ही जाहिरातीतसुद्धा वाचलं असेल. बाहेरच्या हवेसाठी बनवलेल्या स्ट्रक्चरल लाकडात फिनॉल, रिसॉर्सिनॉल असल्याच जातीचे डिंक असतात, घरातल्या टेबलाला लावतो तो पांढरा फेव्हिकॉल नव्हे.

आता जरा उलटं बघा ना. याच पट्ट्यात तुम्ही डोळे झाकून सँक्शन करता ते आरसीसीचे बंगले. वाळू खाडीची, खारी, नीट धुतलेली नाही. समुद्राची हवा. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी. काही वर्षांत बीमच्या तळाला लांब चीर पडते, मग काँक्रीटचे पोपडे खाली येतात आणि आत गंजून फुगलेली सळई दिसते. स्लॅब गळतो म्हणून त्यावर लोखंडी पाईप उभे करून पत्र्याची शेड टाकतात. कोकणातल्या कुठल्याही गावात एस्टीच्या खिडकीतून बघा, स्लॅबवर शेड, स्लॅबवर शेड. म्हणजे पाऊस अडवायला शेवटी उतरतं छप्परच लागलं, मग आधी त्या स्लॅबचे पैसे कशाला घातले असा प्रश्न मला पडतो. त्या घराला तुमच्या रिपोर्टात 'पर्मनंट' लिहिलेलं असतं. मी आरसीसीच्या विरोधात नाही, माझी निम्मी कामं आरसीसीचीच आहेत आणि पोट त्यावरच चालतं, पण वाईट आरसीसी चालतं आणि चांगलं लाकूड चालत नाही हा कुठला न्याय.

वजनाचं पण सांगून टाकतो. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातो. कौलांचं लाकडी छप्पर त्याच्या पुढे काहीच नाही. भूकंपाचा जोर वजनावर येतो, आणि आम्ही कोयनेच्या फार लांब नाही, 1967 चा डिसेंबर आमच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लोक गेले ते दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याखाली. हलकं छप्पर असलं की वाऱ्याचा त्रास असतो, तेही खरं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात किती छपरं उडाली ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण उडालेली छपरं बघितली तर वासा नुसता भिंतीवर टेकवून एखाद्या खिळ्यावर सोडलेला असायचा. वाऱ्याने वर उचललं की धरायला खाली काहीच नाही. आमच्या डिझाइनमध्ये वाशापासून तुळई, तुळईपासून खांब, खांबापासून चौथऱ्यातल्या बोल्टपर्यंत पट्ट्या आणि बोल्ट सलग आहेत, वाऱ्याच्या उचलीचा हिशेब वेगळा काढलाय. हे बघून कुणी "पट्टी कमी पडते" म्हटलं असतं तर मी जागच्या जागी मान्य केलं असतं.

चौथी तक्रार छोटी पण चीड आणणारी. प्रोसेसिंग फी आधी घेता, व्हॅल्युएशनची फी वेगळी घेता, आणि महिन्याभराने सांगता की असलं बांधकाम आमच्या पॉलिसीतच बसत नाही. मग हे पहिल्या दिवशी काउंटरवर सांगायला काय हरकत होती? पॉलिसीची प्रत मागितली तर "इंटर्नल आहे" म्हणतात.

आणि विमावाल्यांना एवढंच की प्रपोजल फॉर्मवर लाकडाची फ्रेम आणि झावळ्यांचं खोपटं एकाच खान्यात टाकू नका. प्रीमियम जास्त लावा हवा तर, पण काय बघून लावला ते सांगा.

आमच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर म्हणाल हा विकायलाच बसलाय. मार्केटमध्ये फसवणूक आहे. दाराच्या चौकटीसाठी बनवलेलं एलव्हीएल स्ट्रक्चरल म्हणून खपवणारे आहेत. ग्रेडचा शिक्का नाही, टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी दुसऱ्याच लॉटची पीडीएफ येते. आपल्याकडे पॉपलर, निलगिरीपासून व्हिनीअरचं काम मोठं आहे पण ते बहुतेक प्लाय आणि दारांसाठी, स्ट्रक्चरल माल मी तरी बाहेरून येणाराच वापरतोय, न्यूझीलंडचा पाईन नाहीतर युरोपचा स्प्रूस. चंद्रपूर-बल्लारपूरचा साग आपला, नावाजलेला, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये तिकडूनच गेला. तो साग तुळईला घालायचा म्हटलं तर माझ्यासारख्याच्या खिशाला झेपणार नाही, आणि एवढ्या जाडीचं जुनं झाड पाडायची गरजही नाही, कारण चिकटवलेल्या लाकडात बारीक, लवकर वाढणारी झाडं चालतात. आपल्याकडे हे कारखाने उभे राहतील ते घरं बांधली गेली तर, आणि घरं बांधली जातील ती लोन झालं तर. गाडी तुमच्या टेबलावर अडलीये म्हणून पत्र तुम्हाला.

तर मागण्या. कर्ज माफ करा, नियम वाकवा असलं काही मागत नाहीये.

फॉर्मवर 'डिझाइन केलेली लाकडी फ्रेम' असा वेगळा रकाना द्या, खोपटं आणि शेडपासून वेगळा.

नाकारायचं असेल तर कारण लिहा, कोडचं कलम लिहा, ड्रॉइंगचा नंबर लिहा. 'टेम्पररी नेचर' हे कारण होत नाही.

तुमच्या पॅनलवर लाकडाचं डिझाइन तपासू शकणारा इंजिनिअर नसेल तर तसं स्पष्ट सांगा, लाज कसली त्यात, आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजकडून तपासून आणायची मुभा द्या. त्याची फी आम्ही कर्जदार भरू.

आमच्याकडून कागद कडक मागा. लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट, ट्रीटमेंटचा दाखला, उभारणीच्या वेळी मॉइश्चर मीटरचं रीडिंग फोटोसकट, जोडांच्या बोल्टची तपासणी. हप्ता सोडायच्या आधी प्रत्येक टप्प्यावर बघायला या. जे देणार नाहीत त्यांना खुशाल परत पाठवा, आम्हालाही असल्या लोकांचा त्रासच आहे.

इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहिताना लाकूड दिसलं म्हणून आकडा अर्धा करू नका. पडवी किती, चौथरा किती उंच, खांबाचा पाया उघडून बघता येतो का, हे बघून लिहा.

आणि पॉलिसीत बसत नसेल तर फी घ्यायच्या आधी सांगा.

माझी फाईल पुन्हा उघडणार असाल तर मिरगाच्या आत चौथरा बांधून घ्यायचाय, नंतर इथे साईटवर ट्रकसुद्धा उतरत नाही. नाकारणार असाल तरी चालेल, पण कलम टाकून नाकारा म्हणजे मला दुरुस्ती तरी करता येईल. ड्रॉइंगचा पूर्ण सेट शाखेत दिलेला आहे, बहुतेक अजून रबरबँडमध्येच असेल, आणि इंजिनिअरचा नंबर प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात खाली आहे.

आपला,
दापोली तालुक्यातला एक सुतार-कंत्राटदार